पहाटे सोट दिसतो, मग गाय भरायची नक्की कधी?

रहिमतपूरकर
राम राम मंडळी. दुसऱ्या वेताची एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गाय आहे. माज वेळेवर येतो, पण भरवली (कृत्रिम रेतन केलं) की एकवीस-बावीस दिवसांनी उलटते, म्हणजे पुन्हा माजावर येते. पहाटे धारेला बसलो की शेपटीला सोट, म्हणजे माजाचा चिकट स्राव, लागलेला दिसतो. मग डॉक्टरांना फोन, ते फेरीत दुपारपर्यंत येतात. वडील म्हणतात, संध्याकाळीच भरायची. शेजारी म्हणतो, दिसली की लगेच. मागच्या खेपेला भरली त्याच्या दुसऱ्या दिवशी सोटात रक्त होतं. पुन्हा भरायला हवी होती का? गाय दावणीलाच असते, सोडायला जागा नाही.

वाळव्याचा गडी
सकाळी माज दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर सकाळी. आमच्याकडं सगळे असंच करतात. वडिलांचं ऐका. नाहीतर कांडी (वळूच्या वीर्याची नळी) बदलून बघा.

विट्याचे आबा
निवृत्त पशुधन पर्यवेक्षक आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

वरचा नियम खरा आहे, पण तो माज सुरू झाल्यापासून मोजायचा असतो. तुम्ही मोजताय दिसल्यापासून. गायी एकमेकींवर उड्या मारतात त्या बहुतेक संध्याकाळनंतर ते पहाटेपर्यंत. तुमची गाय दावणीला, म्हणजे तिच्यावर उडणारं कुणी नाही, तिला कुणावर उडता येत नाही. खरा माज ओळखायची जी खूण, दुसरी गाय अंगावर आली तरी जागचं न हलणं, तीच तुमच्या गोठ्यात दिसू शकत नाही. पहाटे पाचला शेपटीचा सोट दिसला तेव्हा माज आदल्या रात्री आठलाच लागलेला असू शकतो.

आता हिशोब बघा. माज साधारण 12 ते 18 तास चालतो. तो संपल्यावर 10 ते 12 तासांनी अंडं सुटतं, आणि सुटलेलं अंडं काही तासच टिकतं. कांडीतलं वीर्यही गर्भाशयात गेल्या गेल्या कामाचं नसतं, तयार व्हायला त्याला काही तास लागतात. म्हणून माज लागल्यापासून 12 ते 18 तासांत भरलेली बरी. लवकर भरली तर वीर्य वाट बघून मरतं, उशिरा भरली तर अंडं.

रक्ताचं म्हणाल तर ते माज ओसरल्यावर एक ते तीन दिवसांत येतं. गाय फळली की नाही हे त्यावरून कळत नाही, आणि तेव्हा भरून उपयोगही नाही. पण तुमच्याकडं ते भरल्याच्या दुसऱ्याच दिवशी दिसलं. माझ्या मते तुमची कांडी उशिरा पडतेय. अशात वडिलांचं ऐकून संध्याकाळपर्यंत थांबलात तर आणखी उशीर. वडिलांना माझं नाव सांगा आणि शिव्या मला घाला म्हणा! वळूला दोष द्यायला मी सगळ्यात शेवटी येईन.

रहिमतपूरकर
आबा, मग रात्री बघायचं काय? अंधारात गाय तर बसलेलीच असते.

विट्याचे आबा
बसलेलीच बघा. बसलेल्या गाईच्या पोटाचा दाब पडतो आणि सोट मागं जमिनीवर सांडतो. रात्री दहाला बॅटरी घेऊन जा, शेपटीमागं ओली चकचकीत तार आहे का बघा. चिमटीत धरून ओढली तर काचेसारखी स्वच्छ, न तुटता लांबते. तशी असेल तर माज जोरात आहे. घट्ट, पांढरट झाली असेल तर उतरतोय. पिवळसर, पूमिश्रित असेल तर कांडी भरूच नका, आधी उपचार.

शिवाय संध्याकाळच्या धारेला दूध अचानक घटलं, वैरण टाकून गाय उभी राहिली, हंबरतेय, शेजारणीच्या मागचं चाटतेय, यातलं काहीही दिसलं की वेळ लिहून ठेवा आणि डॉक्टरांना रात्रीच निरोप द्या. ‘काल रात्री आठपासून माजावर आहे’ असं सांगितलं की ते फेरीचा क्रम बदलू शकतात. नुसतं ‘माजावर आहे’ म्हटलं की तुम्ही रांगेत.

तासगावची सुनीता
आबांचं बरोबर. एक भर घालते: आपल्या ऊसपट्ट्यात जनावरं निम्मं वर्ष वाढ्यावर, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यावर, काढतात. वाढ्यात ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियम बांधून ठेवतं. नुसत्या वाढ्यावर माजच मुका होतो, खुणा दिसतच नाहीत, मग रात्री बॅटरी घेऊन काय दिसणार? आमच्याकडं रोज 50 ग्रॅम खनिज मिश्रण देतो आणि वाढ्याबरोबर मेथीघास घालतो. जागेचं म्हणाल तर अंगणात सकाळ-संध्याकाळ अर्धा अर्धा तास दोन गायी मोकळ्या सोडा. तेवढ्यातही बरंच कळतं.

विट्याचे आबा
सुनीताताई, बरोबर धरलंत. रहिमतपूरकर, पुढचा माज 18 ते 24 दिवसांत कधीही येईल, तेव्हा सतराव्या रात्रीपासूनच फेरी सुरू करा. आणि या वेळी उलटली तर किती दिवसांनी ते लिहा. एकविसाव्या दिवशी उलटली तर गर्भ राहिलाच नाही असं धरायचं, तीस-पस्तिसाव्या दिवशी उलटली तर राहिला आणि मग गेला असेल. त्या दोन्हींची दवा वेगळी.