मदत हवी आहे: पॅच लावण्याआधी जुन्या बिल्ड फायली पूर्ण काढू का?

नमस्कार मंडळी. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे. ऑफिसचा सर्व्हर फ्रीबीएसडी या युनिक्ससारख्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतो. ऑर्डरी, सुताचा स्टॉक, कामगारांचे पगार, सगळं त्याच्यावरच. तो नुकताच सोर्समधून बिल्ड करून आवृत्ती १३ वरून १४ वर नेला. आता सुरक्षेचा पॅच सोर्सला लावून पुन्हा बिल्डवर्ल्ड, बिल्डकर्नल (म्हणजे मूळ सिस्टिम आणि तिचं कर्नल नव्याने कंपाइल) करायचंय.

पण 'यूएसआर'मधल्या 'ओबीजे' फोल्डरात आधीच्या बिल्डच्या ऑब्जेक्ट (कंपाइल होऊन तयार झालेल्या) फायली तशाच पडून आहेत. जुनं-नवं मिसळलं तर बिल्ड मध्येच कुठेतरी फुटेल, अशी धास्ती वाटते. त्यातल्या काही फायली रूट असूनही डिलीट होत नाहीत, 'ऑपरेशन नॉट परमिटेड' येतं. नीट पाहिलं तर त्यांच्यावर 'एससीएचजी' (फाइल बदलू किंवा पुसू न देणारा) फ्लॅग आहे. 'सीएचफ्लॅग्स' कमांडने तो उतरवून फोल्डर पूर्ण रिकामं करावं असं माझं मत, कारण तिथलं सगळं सोर्समधून परत तयार होतंच. काही राखून ठेवायला हवं का?

खरी काळजी पुढची आहे. अपग्रेडनंतर जुन्या लायब्ररी काढून टाकणारं 'डिलीट-ओल्ड-लिब्ज' अजून चालवलेलं नाही. पगाराचा प्रोग्राम १३ वर कंपाइल केलेला आहे आणि त्याचा सोर्स आमच्याकडे नाही. जुन्या लायब्ररी गेल्या तर तो बंद पडेल. त्याआधी १३ च्या लायब्ररी पुरवणारं 'कॉम्पॅट१३एक्स' पॅकेज टाकलं तर भागेल का? झेडएफएस फाइल सिस्टिमवर बूट एन्व्हायर्नमेंट (गडबड झाली तर मागे फिरता येईल अशी सिस्टिमची प्रत) आधी करून ठेवणारच आहे.

कुणी हे प्रत्यक्ष केलं असेल तर कृपया कोणत्या क्रमाने केलं ते सांगा. येत्या सुट्टीच्या दिवशी काम उरकायचंय.