पोस्टग्रेस ११ ते १५ अपग्रेडनंतर रीइंडेक्स अडतंय, 'डुप्लिकेट की' एरर. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, दोन दिवस झाले अडकलोय. जाणकारांनी कृपया लक्ष घालावं.

ग्राहक आणि ऑर्डर यांचा आमचा मुख्य डेटाबेस पोस्टग्रेस ११ वर होता. त्या आवृत्तीचा सपोर्ट नोव्हेंबर २०२३ मध्येच संपला आणि त्या सर्व्हरवरचं लिनक्सही जुनं, म्हणून दोन्ही एकदमच बदलायचं ठरवलं. नव्या सर्व्हरवर ११ चाच स्टँडबाय (राखीव प्रत) उभा केला, स्ट्रीमिंग रेप्लिकेशनने (मुख्य सर्व्हरवरचे बदल सतत प्रतीकडे पाठवून) डेटा आणला, शनिवारी रात्री ॲप बंद करून स्टँडबाय प्रमोट केला (म्हणजे त्यालाच मुख्य केलं) आणि तिथेच पीजी_अपग्रेड (आवृत्ती बदलणारं टूल) लिंक मोडमध्ये, म्हणजे फाइल्सची प्रत न काढता, चालवलं. आधी चेक चालवून पाहिलं होतं, एकही तक्रार नव्हती. नंतर ॲनालाइझ करून डेटाची आकडेवारीही ताजी केली.

सोमवारी दुपारी फोन सुरू झाले: जुना ग्राहक कोड टाकला की 'सापडत नाही', पण यादी उघडली की तोच ग्राहक समोर दिसतो. काउंटरवरच्या लोकांनी काही ग्राहक नव्याने भरले. इंडेक्स (ओळी पटकन शोधण्यासाठीची क्रमवार सूची) बिघडला असेल म्हणून रीइंडेक्स केलं, म्हणजे तो नव्याने बांधायला घेतला, तर युनिक इंडेक्स बनवता येत नाही, की डुप्लिकेट आहे, असं सांगून थांबलं. कोडच्या कॉलमवर युनिक कन्स्ट्रेंट (एक कोड एकदाच, हा नियम) असताना डुप्लिकेट घुसले कसे, हेच कळत नाहीये. जुना सर्व्हर बंद आहे, पण शाबूत आहे. मागे जाऊ का? तसं केलं तर दोन दिवसांच्या ऑर्डर जातील, आणि ते मला अजिबात नकोय.

प्रतिसाद १

तुमच्या ग्राहक कोडमध्ये मधे डॅश आहे का? दोन्ही सर्व्हरवर एवढं करून बघा: '1-1' आणि '11' या दोन ओळी लिनक्सच्या सॉर्ट कमांडला द्या, लोकेल (भाषा आणि क्रमाचं सेटिंग) डेटाबेसचंच ठेवा. क्रम वेगळा आला तर कारण तेच.

धागाकर्ता

हो, प्रत्येक कोडमध्ये डॅश आहे! जुन्यावर आधी 11 येतो, नव्यावर आधी 1-1.

प्रतिसाद १

मग पीजी_अपग्रेडचा यात दोष नाही. मजकुराचा क्रम पोस्टग्रेस लिनक्सच्या जीलिबसी या मूळ लायब्ररीकडून घेतं, आणि २०१८ साली आलेल्या जीलिबसी २.२८ मध्ये हे क्रमाचे नियम बरेच बदलले. स्ट्रीमिंगमधून इंडेक्सच्या फाइल्स जशाच्या तशा येतात, म्हणजे जुन्या क्रमाने रचलेल्या. इंडेक्स झाडासारखा फांद्यांचा असतो; नव्या लिनक्सवर नव्या क्रमाने शोधताना पोस्टग्रेस भलत्याच फांदीवर जातं, कोड सापडत नाही, आणि युनिकची तपासणीही त्याच वाटेने होत असल्याने डुप्लिकेट आत येतो. पीजी_अपग्रेड इंडेक्सचा क्रम तपासत नाही, म्हणून चेक स्वच्छ आला.

मागे जाऊ नका. ॲप लगेच बंद करा, कारण दर तासाला गुंता वाढतोय. आत्ता आहे त्या अवस्थेचा पूर्ण बॅकअप घ्या आणि मगच हात लावा. डुप्लिकेट शोधताना सेशनमध्ये इंडेक्सस्कॅन, इंडेक्सओन्लीस्कॅन आणि बिटमॅपस्कॅन ही इंडेक्स वापरणारी तिन्ही सेटिंग्ज ऑफ करा, नाहीतर बिघडलेला इंडेक्सच तुम्हाला खोटं उत्तर देईल. मग कोडवर ग्रुप बाय करून एकापेक्षा जास्त ओळी असलेले काढा.

धागाकर्ता

३७ कोड दोनदा आहेत. आतला आयडी इंटिजर आहे आणि ऑर्डर त्या आयडीला जोडलेल्या आहेत, त्यामुळे काहींच्या ऑर्डर दोन्हीकडे विभागल्यात. थेट डिलीट केलं तर?

प्रतिसाद २

थेट डिलीट नको. जुना आयडी ठेवा, नव्या आयडीच्या ऑर्डर त्याच्याकडे वळवा, मग नवी ओळ काढा, सगळं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे झालं तर सगळं होईल, नाहीतर काहीच नाही. नव्याने भरलेला फोन-पत्ता अधिक ताजा असू शकतो, तो माणसाने डोळ्यांनी पाहून ठरवावा. ३७ आहेत, जमेल.

त्यानंतर फक्त हा एक नाही, मजकुराच्या कॉलमवरचे सगळे इंडेक्स रीइंडेक्स करा. इंटिजरचे आणि 'सी' कोलेशनचे (जिथे क्रम सरळ बाइटनुसार लागतो) सुरक्षित असतात. मजकुरावर रेंज पार्टिशन (अमुक ते तमुक अशा टप्प्यांनी टेबलचे पाडलेले भाग) असतील तर तेही तपासा, तिथे ओळी चुकीच्या पार्टिशनमध्ये बसलेल्या असू शकतात आणि ते रीइंडेक्सने सुधरत नाही. शेवटी पीजी_ॲमचेक (टेबल आणि इंडेक्समधला बिघाड तपासणारं टूल) चालवा, हीपऑलइंडेक्स्ड पर्यायासकट; तो टेबलमधली प्रत्येक ओळ इंडेक्समध्ये आहे का ते पाहतो.

धागाकर्ता

पार्टिशन तारखेवर आहेत, म्हणजे तो घोर मिटला. बॅकअप सुरू केलाय. झाला की ३७ ची यादी घेऊन काउंटरच्या लोकांसोबत बसतो. दोघांचे मनापासून आभार. पीजी_ॲमचेकचं आउटपुट इथेच टाकतो.