मदत हवी आहे: लेख माझा, खाली नाव माझं, पण मधली वाक्यं माझी नाहीत

खाडीकाठ
कोणीतरी लवकर सांगा, डोकं फिरलंय. नवी मुंबईतल्या डीपीएस तळ्यावरच्या फ्लेमिंगोंवर मी लिहिलेला लेख एका मोठ्या लोकल ग्रुपवर कोणीतरी टाकलाय. मधला मजकूर बदलला आणि खाली नाव माझंच ठेवलं. त्याखाली लोक मला वाट्टेल ते बोलतायत. ग्रुपच्या अ‍ॅडमिनला मेसेज केले, वाचतो आणि गप्प बसतो. रिपोर्ट केलं तर "नियमांचा भंग आढळला नाही" असं ठरीव उत्तर आलं. हा मजकूर काढायला कसा लावायचा? आणि माझ्या ब्लॉगवर येऊन जे लिहितायत त्यांचं काय करायचं? कायद्याचं कळणाऱ्याने सांगा. "सोडून द्या" हे घरच्यांनी सांगून झालंय.

वाशीचा_पूल
ताई, सरळ १९३० ला फोन लावा. सायबर गुन्हा आहे हा. माझ्या मेव्हण्याचे पैसे गेले होते तेव्हा तिथूनच खातं गोठवलं.

कोर्टनाका
१९३० हा नंबर पैशांच्या फसवणुकीसाठी आहे, इथे त्याचा उपयोग नाही. ताई, मूळ लेख कुठे आणि कधी छापलात? कुठल्या अंकासाठी, संस्थेसाठी लिहिला होता का, मानधन घेतलं का? फोटो असेल तर तो कोणी काढला? शेअर करण्याबद्दल तुम्ही कुठे काही लिहून ठेवलंय का? आणि तुम्ही राहता कुठे, नेरुळ-सीवूड्सकडे की खारघरला? हे कळल्याशिवाय कोणीही सल्ला दिला तर तो अंदाजपंचे असेल.

ब्लॉगभाऊ
फुकटच्या ब्लॉगवर लिहिलं की हे होणारच. स्वतःचं डोमेन घ्या, वर्डप्रेस टाका, राइट-क्लिक बंद करणारं प्लगिन मिळतं. फोटोवर वॉटरमार्क टाका. मी माझ्या पाककृतींच्या साइटवर हे सगळं केलंय. शिवाय जाहिरातींचे पैसेही सुरू होतात. सेटिंग हवं असेल तर स्क्रीनशॉटसकट लिहितो.

पामबीच
राइट-क्लिक बंद केल्याने काय थांबतं? मोबाइलवर स्क्रीनशॉट काढला की गूगल लेन्स अक्षरन्‌अक्षर उचलून देतं. आणि त्यांनी जाहिरातींचं विचारलेलं नाही.

सीवूड्सवाली
बदललं म्हणजे नक्की काय बदललं? मी त्या ग्रुपवर आहे बहुतेक. तळ्यावरचा एक लेख वाचला होता आणि खरं सांगते, मलाही राग आला होता.

खाडीकाठ
बरं, सगळं लिहिते.

लेख माझ्या ब्लॉगवरचा आहे, गेल्या वर्षीच्या मार्चमधला. कोणासाठी लिहिला नाही, पैसे घेतले नाहीत. राहते नेरुळला. प्लॅटफॉर्मचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ग्रुप सार्वजनिक आहे, तिथून व्हॉट्सअ‍ॅपवरही गेलंय.

माझं मूळ वाक्य असं आहे: "भरतीला खाडीतला चिखल पाण्याखाली जातो. पक्ष्यांना उभं राहायला आणि खायला जागा उरत नाही, म्हणून ते या तळ्यावर येतात. तळ्यात भरतीचं पाणी यायचं थांबलं तर त्यांचं येणंही थांबेल."

त्या जागी ग्रुपवर आहे: "फ्लेमिंगो आता इथेच रुळले आहेत. तळ्यात पाणी असो वा नसो, ते येणारच. आजूबाजूच्या कामांना विरोध करणारे विनाकारण लोकांना भडकवतात."

यातलं एक अक्षर माझं नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात तळं कोरडं पडलं आणि पक्षी दगावले, ते मी जाऊन बघितलंय. भेगाळलेल्या चिखलात एक पक्षी पंख पसरून पडला होता, चोचीला वाळलेला गाळ चिकटलेला. ते मी लेखात लिहिलं होतं. तो सगळा भाग उडवलाय. आणि एका इस्टेट एजंटने तोच बदललेला मजकूर "फ्लेमिंगो व्ह्यू" टू बीएचकेच्या जाहिरातीखाली माझ्या नावासकट लावलाय. ज्यांच्याबरोबर मी पाणथळ जागांसाठी सह्या गोळा केल्या ती माणसं आज मला "किती मिळाले" असं विचारतायत.

फोटो मैत्रिणीचा आहे, तिला विचारून वापरलेला. ब्लॉगच्या तळाशी "लेखिकेच्या नावासह शेअर करण्यास हरकत नाही" अशी ओळ आहे.

सीवूड्सवाली
अरे देवा. तोच लेख. माफ करा, मीही खाली तिखट लिहून आले होते. आत्ताच जाऊन काढते.

कोर्टनाका
काढू नका लगेच! आधी स्क्रीनशॉट घ्या. बदललेला लेख वाचून लोकांचा ताईंबद्दल काय समज झाला, याचा तुमचा प्रतिसाद हाच पुरावा आहे.

ताई, तुमची ती तळाची ओळ समोरचा माणूस पहिली पुढे करणार, "परवानगी होती" म्हणून. पण परवानगी तुमचा लेख शेअर करायची होती, तुमच्या नावाने वेगळा लेख लिहायची नव्हती. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५७ याचसाठी आहे. लेखकाला दोन हक्क मिळतात: कृती आपली आहे हे सांगण्याचा, आणि तिची मोडतोड होऊन आपल्या नावलौकिकाला बाधा येत असेल तर ती थांबवण्याचा व भरपाई मागण्याचा. लेखकाने कॉपीराइट विकून टाकला असला तरी हे हक्क त्याच्याकडे राहतात. तुम्ही तर काहीच विकलेलं नाही. नोंदणीचीही अट नाही, लेख लिहिला तेव्हाच हक्क निर्माण झाला.

तुम्ही बहुधा "खोटी माहिती" किंवा "त्रास देणं" असं निवडून रिपोर्ट केलं असेल. ते बटण वेगळं आणि कॉपीराइटचा फॉर्म वेगळा. मोठ्या प्लॅटफॉर्मचे हे फॉर्म अमेरिकेच्या १९९८ च्या डीएमसीए या कॉपीराइट कायद्याच्या धर्तीवर असतात. मूळ लेखाची लिंक, त्यांच्या प्रतीची लिंक, आणि मजकूर तुमचा आहे असं निवेदन. फोटो मात्र त्यात धरू नका. तो मैत्रिणीचा, त्याची तक्रार तिने करायची.

तळ्यातमळ्यात
मला एक कळत नाही. एकदा लिहून जगापुढे ठेवलं की ते लोकांचं झालं ना? कोणी बदलेल, कोणी शिव्या देईल. ओव्या-अभंग शेकडो वर्षं तोंडी फिरले, त्यात किती पाठभेद झाले. सगळ्यावर ताबा हवा असेल तर वहीत लिहावं.

खाडीकाठ
ताबा सगळ्यावर नकोच आहे मला. माझ्या लेखावर टीका करा, माझी वाक्यं घेऊन ती कशी चुकली ते दाखवा, मला पक्ष्यांतलं कळत नाही म्हणा. ते मी काढायला सांगणार नाही, आजवर कधी सांगितलेलंही नाही. माहितीही कोणाच्या मालकीची नाही. भरती-ओहोटीचं जे मी लिहिलं ते कोणीही स्वतःच्या शब्दांत, स्वतःच्या नावाने लिहावं. पण जे मी म्हटलंच नाही त्याखाली माझं नाव का? पाठभेद करणाऱ्याने फ्लॅट विकायला अभंग वापरला नव्हता.

कोर्टनाका
बरोबर, आणि कायद्याची रेघही साधारण तिथेच आहे. टीका-समीक्षेसाठी उतारा घेणं कलम ५२ मध्ये बसतं. कल्पनेवर, माहितीवर कॉपीराइट नसतो, हे सुप्रीम कोर्टाने १९७८ मध्येच सांगितलंय. तेव्हा तुमचं वाक्य देऊन "हे चूक आहे" म्हणणाऱ्यांना तक्रारीत ओढू नका.

जुना_ठाणेकर
सगळे लेखाच्या मागे लागलात, मला तिच्या ब्लॉगवरच्या प्रतिसादांची जास्त काळजी वाटते. बाई, ते आजच्या आज बंद करा.

ठाण्याचीच गोष्ट सांगतो. केरळच्या एका १९ वर्षांच्या विद्यार्थ्याने ऑर्कुट या तेव्हाच्या सोशल साइटवर एका राजकीय पक्षाविरुद्ध कम्युनिटी काढली होती. तिथे बऱ्याच निनावी लोकांनी लिहिलं. २००८ च्या ऑगस्टमध्ये ठाण्यात गुन्हा दाखल झाला, तो कम्युनिटी काढणाऱ्या पोरावर. तो सुप्रीम कोर्टात गेला, गुन्हा रद्द करा म्हणून. २००९ च्या फेब्रुवारीत कोर्टाने नकार दिला. इंटरनेटवर लिहिलेलं किती लोकांपर्यंत पोचतं हे लिहिणाऱ्याला ठाऊक असायला हवं, असं सुनावलं. नंतर २०१२ ला पालघर. तेव्हा पालघर आपल्याच जिल्ह्यात होतं. एका मुलीने पोस्ट लिहिली, दुसरीने नुसती लाइक केली, दोघींना अटक. उद्या तुमच्या पानावर कोणी त्या एजंटला धमकी दिली तर पोलीस तुमच्या दारात येतील.

पामबीच
काका, घाबरवू नका. पालघरला लावलेलं आयटी कायद्याचं ६६अ कलम सुप्रीम कोर्टाने मार्च २०१५ मध्ये रद्द केलं. आणि २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सांगितलंय की सभासदाने काही टाकलं म्हणून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा अ‍ॅडमिन आपोआप गुन्हेगार होत नाही.

जुना_ठाणेकर
२००८ च्या गुन्ह्यात ६६अ नव्हतंच. ते कलम लागू झालं २००९ मध्ये. त्या पोरावर धमकीचं आणि धार्मिक भावना दुखावण्याचं कलम होतं, ती दोन्ही आजही आहेत, फक्त न्याय संहितेत त्यांचे आकडे बदलले. आणि व्हॉट्सअ‍ॅपमध्ये अ‍ॅडमिनला मेसेज जाण्याआधी तपासता येत नाही. ब्लॉगवर तपासता येतो. तिथे "मला माहीत नव्हतं" म्हणणं अवघड जातं.

पामबीच
तपासता येतो हे मान्य. मग तपासा, बंद कशाला करायचे? आज प्रतिसाद बंद केले तर "पैसे घेतले म्हणून तोंड लपवते" हेच पसरणार. गूगलच्या ब्लॉगर सेवेत सेटिंगमध्ये जुन्या लेखांपुरतं मॉडरेशन (प्रतिसाद आधी तपासून मग दिसू देणं) लावता येतं, म्हणजे नव्या लेखांवरची चर्चा अडत नाही. मॉडरेशनमध्ये शिवी आणि धमकी अडवा, पण ती पुसू नका, जपून ठेवा. टीका सोडा. मूळ लेखाच्या डोक्यावर एक चौकट टाका: "या लेखाची बदललेली प्रत फिरते आहे", आणि खाली दोन्ही परिच्छेद शेजारी शेजारी. तुम्ही इथे दिलेत तसेच. ते वाचूनच सीवूड्सवाली ताईंचं मत फिरलं ना?

सीवूड्सवाली
हो, अगदी. कोणी "ती तशी नाही" म्हणाल्याने फिरलं नसतं.

रोहितपक्षी
अवांतर, पण फ्लेमिंगो सध्या तळ्यावर आहेत का? रविवारी मुलांना घेऊन येतोय डोंबिवलीहून.

खाडीकाठ
भरतीची वेळ बघून या, ओहोटीला ते खाडीत असतात. जवळ जाऊ नका, ड्रोन तर अजिबात नको.

वाशीचा_पूल
ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून बोट सुटते, पोरांना ती जास्त आवडेल. आता तर ठाणे खाडी जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीतही आहे, २०२२ पासून.

तळ्यातमळ्यात
मूळ विषयावर येऊ या. मला एवढंच म्हणायचं होतं की कोर्टकचेरी करून माणूस लिहायचं विसरतो. बाकी जाहिरातीखाली नाव लावणं चूकच, त्यात दुमत नाही.

ब्लॉगभाऊ
ब्लॉगचा बॅकअप तरी घ्या हो. उद्या कोणी उलटी तक्रार करून तुमचाच लेख उडवला तर? माझ्या एका पाककृतीच्या बाबतीत झालंय हे.

कोर्टनाका
हा मुद्दा महत्त्वाचा, भाऊंचं ऐका. मूळ लेखाची प्रत वेबॅक मशीन या वेबपानं जपून ठेवणाऱ्या साइटवरही साठवा, तारखेसकट राहते.

फॉर्मने काम झालं नाही तर पुढची पायरी २०१३ च्या कॉपीराइट नियमांतला नियम ७५. लेखी तक्रार मिळाल्यापासून ३६ तासांत प्लॅटफॉर्मने तो मजकूर दिसेनासा करायचा असतो, २१ दिवसांसाठी. पण त्या तक्रारीत "मी दावा दाखल करून २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आणून देईन" अशी हमी लिहून द्यावी लागते. आदेश आला नाही तर मजकूर परत दिसू शकतो. म्हणून रागाच्या भरात ती पाठवू नका, वकील ठरवून मगच. दावा तुम्ही राहता तिथल्या जिल्हा न्यायालयात टाकता येतो. नेरुळ म्हणजे ठाणे जिल्हा. खारघर असतं तर रायगड, म्हणून पत्ता विचारला होता. पुराव्याला साक्ष अधिनियम २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागेल, म्हणून स्क्रीनशॉट कोणत्या फोनवर, कधी काढला ते लिहून ठेवा. दुसऱ्याने फॉरवर्ड केलेला स्क्रीनशॉट चालवू नका.

एजंटला आजच साधी ईमेल करा. त्याला तुमच्याशी भांडायचं नाही, फ्लॅट विकायचाय.

खाडीकाठ
एजंटने ईमेल मिळाल्यावर जाहिरात काढली. "ग्रुपवरून उचललं होतं, मूळ माहीत नव्हतं" म्हणाला. फॉर्म भरलाय, मैत्रिणीने फोटोसाठी वेगळा भरला. ब्लॉगवर चौकट टाकली, मॉडरेशन लावलं. सह्या गोळा करणाऱ्यांपैकी एकीने फोन केला, बाकीच्यांनाही त्या चौकटीची लिंक तीच पाठवतेय.

ग्रुपवरचा लेख अजून तसाच आहे. पण अ‍ॅडमिनने शेवटी उत्तर दिलं: "नाव दिलंय ना तुमचं, मग अडचण काय? थोडं सोपं करून लिहिलं, लोकांना कळावं म्हणून." त्याला लिहिलं की नाव काढ किंवा माझी वाक्यं परत लाव, दोन्हीपैकी एक कर. त्यावर अजून काही नाही.

कोर्टनाका
"सोपं करून लिहिलं" म्हणजे बदल त्याने स्वतः केला हे त्याने स्वतःच लिहून दिलंय. आता त्याला पुढे एक शब्द लिहू नका. तो मेसेज डिलीट करायच्या आत त्या संपूर्ण संभाषणाचं स्क्रीन रेकॉर्डिंग करा, त्याचं प्रोफाइल उघडून दाखवा, आणि फाइल दोन ठिकाणी ठेवा. फॉर्मचं उत्तर आलं की इथे लिहा, तोवर नोटिशीचा मसुदा करून ठेवतो.