रविवारी आठची मीस (चर्चमधली प्रार्थना) चुकवून पाहुण्यांना पोहे करणं, ही उपासना की पळवाट?

माडाखालची
मी मूळची सावंतवाडीकडची. लग्न होऊन गोव्यात बार्देशात आले त्याला एकोणीस वर्षं झाली. घराच्या मागच्या अंगाला चार खोल्या आहेत, त्या पर्यटकांना देतो. ऑक्टोबर ते मे रविवार म्हणजे नुसती धावपळ. आठला नाश्ता, अकराला खोल्या रिकाम्या करून घ्यायच्या, बारा वाजता पुढची गाडी दारात. आमच्या इगर्जेतली (चर्चमधली) मोठी मीस बरोब्बर आठला. गेल्या सीझनला मी किती रविवार गेले ते मोजायला एका हाताची बोटं पुरतात.

सासूबाई रोज संध्याकाळी साडेसातला घरातल्या आल्ताराशी (वेदीशी) बसून तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, सुरू करतात. मी स्वयंपाकघरातूनच उत्तरं देते, हात कणकेत. परवा त्या म्हणाल्या, "तेर्साक दिंबी घालतात गो, कणीक न्हय." म्हणजे तेर्साला गुडघे टेकतात, कणीक मळत नाहीत. रागावून नाही, पण लागलं.

तेव्हापासून डोक्यात घोळतंय. बायबलात पौलाने रोमकरांना लिहिलंय की आपली शरीरंच जिवंत यज्ञ म्हणून द्या, हीच तुमची खरी उपासना. १७व्या शतकात पॅरिसच्या कार्मेलाइट मठात ब्रदर लॉरेन्स नावाचा एक आचारी होता. प्रार्थनेची वेळ आणि भांड्यांच्या खडखडाटातली वेळ आपल्याला वेगळी वाटत नाही, असं तो म्हणायचा. मग मी कुणाला न फसवता, ताजे पोहे करून, स्वच्छ चादर घालून जे करते त्याला उपासना का म्हणू नये? मीशीच्या वेळी इगर्जेबाहेर स्कूटरवर बसून मोबाइल चाळणारे निदान डझनभर पुरुष मी दर खेपेला बघते. ते मीशीला 'गेले', आणि मी 'चुकवली'?

स्पष्ट बोला, मला वाईट वाटणार नाही. (वाटलं तर सांगेन.)

वसईची केळी
स्पष्ट बोलायला सांगितलंत म्हणून. पळवाट आहे.

ब्रदर लॉरेन्सचं नाव निघालं की लोक त्याचं स्वयंपाकघर सांगतात, मठ सांगत नाहीत. तो मठात राहत होता हो! तिथे घंटा झाली की प्रार्थनेला जावंच लागे, तोही जात होता. त्या शिस्तीवर उभा राहून तो भांड्यांबद्दल बोलला. तुम्ही शिस्त वजा केलीत आणि भांडी ठेवलीत.

दुसरं, मीस ही 'मला देवाजवळ वाटतं की नाही' ह्याची चाचणी नव्हे. एकत्र जमून भाकर मोडायची, हाच तिचा गाभा. उत्तर आफ्रिकेत अबितिना गावच्या ४९ जणांना ३०४ साली पकडलं, कारण सम्राटाची बंदी असताना ते रविवारी एका घरात जमले होते. त्यांचं उत्तर प्रसिद्ध आहे: रविवारच्या ह्या मेळाव्याशिवाय आम्हाला जगता येत नाही. घरी बसून मनातल्या मनात करता आलं असतं की. जीव वाचला असता.

आणि व्यवहाराचं बोलायचं तर कायदा तुम्हाला वाटतो तेवढा कडक नाही. चर्चच्या कायद्यातला कॅनन १२४८ सांगतो की आदल्या संध्याकाळची मीस धरली जाते. शनिवारी संध्याकाळी जा. मी वास्कोला बंदरात पाळीवर काम करतो, वर्षानुवर्षं असंच करतो. आजारी माणसाची सेवा करणारी नर्स अडकली तर तिला कुणी दोष देत नाही. पण पोहे म्हणजे आयसीयू नव्हे.

माडाखालची
शनिवारी संध्याकाळी पाच ते आठ पाहुणे येतात. किल्ली द्या, आधार कार्डाची झेरॉक्स घ्या, वायफायचा पासवर्ड सांगा. तुमच्या बंदरात पाळी बदलून मिळते. मला पाळी कोण बदलून देणार, नवरा? (हसू नका.)

नगरी मिसळ
मी नगरचा, मिशनच्या मंडळीत वाढलेला, सध्या मडगावात. आमच्याकडे मिस्सा नाही, रविवारची 'उपासना' असते. शब्दच तो, त्यामुळे धाग्याचं नाव वाचून थांबलो.

माझं मत धागाकर्तीच्या बाजूने, थोडं पुढे जाऊन. आमोस संदेष्टा काय म्हणतो? तुमच्या सणांचा मला वीट आलाय, तुमची गाणी बंद करा, न्याय पाण्यासारखा वाहू द्या. यशया ५८ मध्ये उपास कसला हवा, तर भुकेल्याला भाकर आणि बंधनातल्याला मोकळीक. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू सांगतो, वेदीपाशी दान घेऊन आलास आणि भावाचं मन दुखावल्याचं आठवलं तर दान तिथेच ठेव, आधी समेट कर. म्हणजे वेदीच्या आधी भाऊ येतो.

आमच्या आजीला रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं तोंडपाठ. जात्यावर बसून म्हणायची. तिला आयुष्यात कुणी विचारलं नाही की दळण संपवून मग का नाही म्हणत.

एक मात्र कबूल करतो. आमच्याकडे कर्मकांड नाही असं आम्ही छाती फुगवून सांगतो, आणि रविवारी दांडी मारली की सोमवारी दोन फोन येतात.

वसईची केळी
नगरकर, आमोस सण बंद करायला सांगत नाही, ढोंग बंद करायला सांगतो. आणि मत्तयातलं वाक्य पुरं करा की. समेट कर, *मग परत ये आणि दान दे*. परत यायचंच आहे. तुम्ही माणसाला भावाकडे धाडून तिथेच जेवायला बसवलंत.

नगरी मिसळ
हा मुद्दा दिला तुम्हाला.

डिचोलीकर
मी हिंदू, त्यामुळे कायद्याबियद्यात पडत नाही. पण आमची आई दरवर्षी मिलाग्रीस सायबिणीच्या (मरियेच्या) फेस्ताला, म्हणजे सणाला, तेल घेऊन म्हापशाला जाते. तिच्या लेखी ती मिराबाय, आमच्या शिरगावच्या लईराई देवीची बहीण. तेव्हा चार शब्द बोलायचा हक्क आहे असं धरून चालतो.

तुमचा प्रश्न आमच्याकडे सावता माळ्याने कधीच सोडवला. मळ्यातल्या भाजीतच त्याला विठाई दिसली, पंढरपूर जवळ असून तो गेला नाही, शेवटी विठ्ठलच मळ्यात आला अशी कथा आहे. तुमचे पोहे ती भाजी समजा आणि निवांत रहा.

वसईची केळी
सावता गेला नाही, पण वारी थांबली का? सगळेच सावता झाले असते तर पंढरपूर रिकामं पडलं असतं आणि आज आपल्याला सावताही माहीत नसता.

आणि तो भाजी पिकवत होता, खोल्यांचे सीझनचे दर लावत नव्हता. (हे जरा जास्त झालं. पण खोडत नाही.)

पोदेराची नात
माझं मराठी शाळेतलं आहे, कोंकणी मध्ये आली तर समजून घ्या.

आमच्या आजोबांची पावाची भट्टी होती. रात्रभर पाव. पीठ फुगायला ठेवताना त्यावर बोटाने खुरीस (क्रूस) काढायचे. पहाटे पहिले पाव पोदेरांच्या (पाववाल्यांच्या) सायकलींवर चढवले की हातपाय धुऊन सहाच्या मीशीला, आणि तिथे सर्मांव (प्रवचन) सुरू झाला की झोप. घरी येऊन आजीला ठासून सांगायचे, आज पाद्री बरें उलयलो (छान बोलला). तर वसईकर, 'जमलं' म्हणजे नेमकं काय ते मला लहानपणापासून कोडं आहे. तरी त्यांनी मीस सोडली नाही, हेही खरं.

पण तुम्ही दोघंही 'घर' आणि 'इगर्ज' एवढंच धरून भांडताय. गोंयात मधली जागा केवढी आहे! वाड्यावरच्या खुरसाकडे मे महिन्यात लादीन, म्हणजे गाऊन म्हणायची लॅटिन प्रार्थना, असते. लॅटिन एका अक्षराने कळत नाही, तरी सगळे ओरा प्रो नोबिस (आमच्यासाठी प्रार्थना कर) म्हणतात, व्हायोलिन असेल तर बरंच. मग उकडलेले चणे, थोडी फेणी, आणि वर्षभर न बोलणारे दोन शेजारी तिथे बोलतात. ऑगस्टमध्ये कणसांचं फेस्त, रायला ५ तारखेला, ताळगावला २१ला. नव्या भाताची कणसं पाद्रीकडून आशीर्वाद घेऊन घरच्या आल्तारावर येतात. हे घरातलं का इगर्जेतलं? मला विचाराल तर रोजची उपासना म्हणजे हे. एकट्याने कणीक मळताना आलेली शांती नव्हे. ती शांती योगाच्या वर्गातही मिळते.

तोटाही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल फक्त गोड लिहिलं. ह्याच 'एकत्र'मध्ये जात होती. कोंफ्रारिया (इगर्जेची मंडळं) जातीप्रमाणे वेगळ्या असत, आणि काही गावांत फेस्ताचा मान ठरावीक घराण्यांकडेच, त्यावरून भांडणं झाली. म्हणून 'जमाव म्हणजे पवित्र' हे मी डोळे मिटून मान्य करत नाही.

आता माडाखालची बाय, तुला एकच विचारते. चार खोल्यांच्या चादरी तू एकटी बदलतेस? कामाला कोणी असेलच. ती मीशीला कधी जाते? शब्बाथाच्या (विसाव्याच्या दिवसाच्या) आज्ञेत तुझ्यासारखंच तुझ्या दासदासीलाही विसावा मिळावा, असं बायबलातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात सरळ लिहिलंय. इथे सगळे तुझ्या आत्म्याची चर्चा करतायत.

डिचोलीकर
बापरे.

बोरकर मास्तर
अवांतर, पण राहवत नाही. फादर स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले, इंग्रज जेझुइट धर्मगुरू. १६१६ साली छापलेलं त्यांचं ख्रिस्तपुराण मराठी ओव्यांमध्ये आहे आणि ते रविवारी, सणासुदीला इगर्जेत वाचलं जाई. ओवी ही जात्यावरची चीज! म्हणजे नगरकरांच्या आजीचं जातं आणि वसईकरांची इगर्ज चारशे वर्षांपूर्वी एकाच ओवीत बसत होती. पुढे १६८४ साली व्हाइसरॉयने लोकभाषेवरच बंदीचा हुकूम काढला. मीस कोंकणीत यायला कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत, १९६०च्या दशकापर्यंत थांबावं लागलं. तोवर पोदेरबाबांनी सर्मांवात डुलकी काढली तर माझी काही तक्रार नाही.

पोदेराची नात
सर्मांव तेव्हाही कोंकणीतच असायचा, मास्तर. झोप ती झोपच.

माडाखालची
दोन दिवस लिहिलं नाही. नातीचा प्रश्न वाचून मोबाइल उलटा ठेवला.

आहे कामाला. झारखंडची मुलगी, तेविशीतली, कॅथलिक. गळ्यात खुरीस आहे, मला माहीत होतं. तीन सीझन माझ्याकडे आहे आणि तिची मीस कुठे, कधी, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. मी सासूबाईंशी भांडत होते 'माझं' काम उपासना आहे म्हणून. तिचं काम म्हणजे पगार, असं मी न बोलताच ठरवून टाकलं होतं.

काल विचारलं. मला वाटलं होतं डोळ्यांत पाणी वगैरे येईल. ती म्हणाली, "दीदी, संडे को सोना है." वसईकर, लिहून ठेवा. नंतर जरा वेळाने म्हणाली, गावाकडच्या मुली महिन्यातून एकदा हिंदी मीशीला जमतात, तिथे जायला आवडेल, कारण मग सगळ्या एकत्र जेवतात.

तर ह्या रविवारी एक खोली बंद ठेवली आणि तिला सकाळीच सोडलं. नवऱ्याने नाश्ता दिला, एका पाहुण्याने अंडं कच्चं आहे म्हणून तक्रारही केली. मी मीशीला गेले नाही. तीन बाथरूम धुतली.

नगरकर, तुम्ही म्हणाल ही उपासना. वसईकर म्हणतील अजून नाही, आणि शनिवारची आठवण करतील. शनिवारचं मी नवऱ्याशी बोलणार आहे, झेरॉक्स त्यालाही काढता येते. सासूबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी तेर्साचे मणी न थांबवता विचारलं, त्या पोरीने जाताना काही खाल्लं होतं का. नव्हतं खाल्लं. तेही मी विचारलं नव्हतं.