दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर ओपिऑइड लागतंच का?

‘त्याच दिवशी घरी सोडतात, मग जोरकस गोळी नको का?’ असं दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेबद्दल बरेचदा विचारलं जातं. जोरकस गोळी म्हणजे ओपिऑइड, अफूच्या जातीचं, सवय लागू शकणारं वेदनाशामक. कॅनडात ओंटारिओ प्रांतामध्ये हेच तपासलं गेलं. निष्कर्ष २०२२ मध्ये ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात आले. गुडघ्याची किंवा खांद्याची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झालेले २०० रुग्ण. एका गटाला नेहमीप्रमाणे ओपिऑइड. दुसऱ्याला नॅप्रॉक्सेन (ओपिऑइड नसलेलं, सूज-दुखणं कमी करणारं औषध), पॅरासिटामॉल, पोटासाठी पँटोप्राझोल, आणि अगदीच सोसवेना तर हायड्रोमॉर्फोन या ओपिऑइडच्या मोजक्या गोळ्यांची चिठ्ठी. सहा आठवड्यांत या दुसऱ्या गटातल्या निम्म्या लोकांनी तरी ओपिऑइडला हातही लावला नाही, आणि दुखण्यात म्हणावा असा फरक दिसला नाही.

माझ्या मते खरी मेख वेळापत्रकात आहे. कळ मारायला लागल्यावर ही साधी, ओपिऑइड नसलेली गोळी शोधत बसायचं नाही, सुरुवातीचे दिवस ठरल्या वेळी घ्यायची. अर्थात मूत्रपिंड अधू असेल, अल्सर असेल, रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर नॅप्रॉक्सेन परस्पर नकोच. आणि हे सगळं गुडघा बदलण्याला लावू नका, ते दुखणं वेगळं. ओपिऑइडच्या उरलेल्या गोळ्या ‘असू देत घरात’ म्हणून ठेवायची आपली सवय इथे महागात पडते. अमेरिकेत गैरवापराच्या बऱ्याच गोळ्या नातेवाईक-मित्रांकडूनच मिळालेल्या असतात.