गरजू मुलांच्या खेळासाठी पैसा कुठे घालावा: शाळेच्या तासात की क्लबच्या फीमध्ये?

मोकळं_मैदान (धागाकर्ता)
बेताच्या परिस्थितीतल्या मुलांना खेळायला मिळावं, असा विषय निघाला की सूचना ठरलेली: चमकणारी मुलं हेरा, शिष्यवृत्ती द्या, क्लबची फी माफ करा. माझा विरोध आहे. ५ ते १७ वयाच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं धाप लागेल अशी हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. २०१६ पर्यंतच्या आकड्यांवरून तिच्याच संशोधकांनी काढलेला अंदाज असा, की जगात ११ ते १७ वयाची ८१ टक्के मुलं तेवढी हलत नाहीत. हेरलेल्या दहा जणांनी यात काय फरक पडणार?

आणि फी माफ झाली तरी बूट, किट, प्रवास, स्पर्धेची प्रवेश फी उरतेच. सराव संध्याकाळी, क्लब दोन बस पलीकडे, घरी धाकटं भावंड सांभाळायचंय. सोडायला-आणायला मोकळं माणूस नाही. शाळेत मूल आलेलंच असतं. रोजचा खेळाचा तास द्या, पैसा तिथे घाला.

शिट्टी
साफ असहमत. ज्या अंदाजाचा दाखला दिलात, तो शाळेत जाणाऱ्या मुलांचाच आहे. शाळेत असूनच ती हलत नाहीयेत!

तो तास एकदा बघाच. पन्नास मुलं, एक शिक्षक, लांब उडीची रांग. अख्ख्या तासात प्रत्येकाच्या वाट्याला दोन उड्या, बाकी वेळ पुढच्याच्या पाठीवर बोटाने नाव काढायचं. परीक्षा आली की तो तासही गणिताला जातो. क्लबात निदान "काल का आला नाहीस?" असं विचारणारं कुणी असतं. ज्या मुलाला हे दुसरं कुणी विचारत नाही, त्याला त्याची किंमत कळते.

मोकळं_मैदान
तुम्ही माझीच बाजू मांडताय. तास वाईट आहे कारण त्यावर कुणी खर्च करत नाही. आणि दरवेळी मोठा खर्च लागतो असंही नाही. स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंगच्या एका प्राथमिक शाळेने २०१२ मध्ये रोज पंधरा मिनिटं सगळ्या वर्गाने पळायचं किंवा चालायचं, असं सुरू केलं. शाळेच्याच कपड्यांत, किट नाही, हार-जीत नाही. पुढे ते कितीतरी देशांत गेलं.

शिट्टी
छान. म्हणजे पैसेवाल्यांच्या मुलांना टेनिस आणि बाकीच्यांना मैदानाला चकरा?

जमाखर्च
फीच्या सवलतीबद्दल थोडं. कॅनडाने २००७ पासून मुलांच्या खेळाच्या खर्चावर आयकरात सूट दिली. ज्या घराला करच लागत नव्हता, त्याच्या हाती काय? शून्य. २०१५ मध्ये अशांनाही परतावा मिळेल अशी सुधारणा केली, तरी आधी खिशातून भरायचे आणि मग वाट बघायची हे होतंच. २०१७ पासून योजनाच बंद. थेट फीमाफी त्याहून बरी, पण उत्पन्नाचा दाखला मागून नव्हे. सगळ्या टीमसमोर "तुझी कागदपत्रं राहिलीत" असं ऐकलेलं पोर दुसऱ्या दिवशी येत नाही. वस्तीतल्या सगळ्यांनाच माफ करा, चार सधन घरांचा फायदा झाला तर होऊ दे.

मुलीची_आई
तुम्हा तिघांच्या चर्चेत मुली कुठे आहेत? त्याच ८१ टक्क्यांच्या अंदाजात पुरेसं न हलणारे मुलगे ७८ टक्के आणि मुली ८५ टक्के. मैदान "सगळ्यांसाठी खुलं" केलं की आधी येतात ती मोठी मुलं, आणि चेंडू जाईल तिथपर्यंत जागा त्यांची. मुली कडेला बसतात आणि मग लोक म्हणतात, त्यांना आवडच नाही. राखीव वेळ, दाराला कडी असलेलं स्वच्छतागृह, परतीच्या वाटेवर दिवे आणि जमल्यास बाई कोच. बाकी शाळा की क्लब हे तुम्ही भांडून ठरवा.

शिट्टी
+१. पण क्लब म्हणजे पदकांचा कारखाना, हे मी मानत नाही. नॉर्वेत १९८७ पासून मुलांच्या खेळातल्या हक्कांची नियमावली आहे. निकालांचे तक्ते आणि क्रमवारी त्यांनी अकराव्या वर्षापर्यंत लांब ठेवलीय. नियम बदलले की क्लबही बदलतात.

मोकळं_मैदान
मग कोचलाच शाळेच्या वेळेत आणा. टेनिस शिकवा, हवं ते शिकवा, पण अख्ख्या वर्गाला. शाळा सुटल्यावर मैदानाचं फाटक उघडं ठेवा, त्यातले दोन दिवस फक्त मुलींचे.

शिट्टी
कोच येईल हो, पण निवडायला येईल. दोन चपळ पोरं उचलेल, बाकीचे पुन्हा रांगेत.

मोकळं_मैदान
मानधन हजेरीवर द्या, पदकांवर नको.

जमाखर्च
हजेरीवर दिलंत तर हजेरीपटात सगळी मुलं रोज खेळतील, मैदानावर किती असतील ते वेगळं. :) न कळवता जाऊन डोकी मोजणारं माणूस लागेल. त्याचा पगार धरलाय का?