मदत हवी आहे: मागच्या विधानसभेतल्या आश्वासनाचा पाठपुरावा कसा करायचा?

मी एका आमदारांकडे कनिष्ठ सहायक आहे. विधिमंडळाचं काम माझ्यासाठी नवीन, आणि साहेबही पहिल्यांदाच निवडून आलेत.

२०२४ च्या निवडणुकीआधी, म्हणजे चौदाव्या विधानसभेत, आमच्या मतदारसंघातल्या एका पाणीपुरवठा योजनेवर लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सूचना) झाली होती. उत्तर देताना मंत्र्यांनी रखडलेलं काम पूर्ण करून घेण्याचं आश्वासन दिलं. माझ्याकडे असुधारित कार्यवाहीच्या (सभागृहातल्या बोलण्याची अजून अंतिम न झालेली नोंद) त्या पानाची झेरॉक्स आहे, तारखेसकट. पाण्याची टाकी उभी आहे, पण वितरणाची पाइपलाइन अजून नाही. गावातल्या बायका अजूनही डोक्यावरूनच पाणी आणतात, म्हणून हे तडीस न्यायचंच आहे.

संबंधित विभागाला साहेबांच्या लेटरहेडवर पत्र दिलं, पण "कार्यवाही सुरू आहे" एवढंच उत्तर आलं. जिल्ह्यातल्या अभियंत्यांकडे आश्वासनाची नोंदच नाही. माहिती अधिकारात उत्तराला ३० दिवसांची मुदत असते आणि अधिवेशन तोंडावर आलंय, त्यामुळे तो मार्ग नंतरचा. आधीचे आमदार दुसऱ्या पक्षाचे, त्यांच्या कार्यालयाकडून कागद मिळणं कठीण. नव्याने तारांकित प्रश्न (ज्याला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात) टाकता येईल हे माहीत आहे, पण मंत्र्यांनी एकदा शब्द दिलाय तर तोच धरून पुढे जावं असं मला वाटतं.

आश्वासन समितीच्या (मंत्र्यांनी सभागृहात दिलेली आश्वासनं पाळली जातात का हे पाहणारी आमदारांची समिती) कामाचा अनुभव असलेल्यांनी कृपया सांगा: सभागृहाची मुदत संपल्यावर प्रलंबित आश्वासनं नव्या समितीकडे आपोआप येतात का? हे आश्वासन तिच्या यादीत आहे की नाही हे विधानमंडळ सचिवालयात नेमकं कुठे कळेल? आणि यादीत नसेल, तर आता साहेबांच्या पत्रावरून ते घेतलं जातं का?